बारा घरांचं हँडल

४ जानेवारी

चि. खटपट्या यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोनवर नीट का बोलत नाहीस, असं विचारलं आहेस. झटका आल्यापासून बाबांचं बोलणं गेलं, पण कान होते तितकेच तिखट आहेत. त्यांच्यासमोर मी बरं आहे म्हणते, तू बरं आहे ना विचारतोस, आणि संपतं. मोबाइल घेऊन जिन्यात गेले तर ते उशीवरून मान वळवून दाराकडे बघत राहतात. परत आल्यावर त्या नजरेला तोंड द्यायचा मला कंटाळा येतो. म्हणून लिहिते. दुकानात दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, चष्म्यांच्या काचा बसवून झाल्या की काउंटरवर कागद घेते.

पाच महिने झाले. पाय बरा आहे, धरून धरून बाथरूमपर्यंत जातात. डावा हात मात्र मांडीवर ठेवला की ठेवल्या जागी. व्यायामवाली बाई आठवड्यातून दोनदा येते. मनगट गोल फिरवा, कोपर गोल फिरवा, नाहीतर हात कायमचा आखडेल, असं तिनं स्पष्ट सांगितलं आहे. पुढचे तीन-चार महिने महत्त्वाचे, नंतर मग देवावर हवाला. दाबायला रबरी चेंडू देऊन गेली. तो दोन दिवसांत नाहीसा झाला. दुसरा दिला, तोही गेला. मी विचारलं की बाबा छताकडे बघतात.

दिवसभर त्यांची नजर असते ती त्या टेबलावर. तू गेल्या खेपेला आलास तेव्हा आपल्या रस्त्याचं मॉडेल अर्धं झालं होतं. आता बाराही घरं उभी आहेत. ऑफिसात चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या इमारतींची मॉडेलं केली, आता आपला रस्ता करणार म्हणून बसले होते. खिडक्यांना ट्रेसिंग पेपर लावून झाला, आत दिवे बसवायचे राहिले. तारा टेबलाखाली तशाच लोंबताहेत. त्याच दिवशी सकाळी झटका आला.

तू येऊन जा. त्यांना बसवायचं, उठवायचं, कूस बदलायची, हे सगळं एका माणसाचं काम नाही. माझा उजवा खांदा दोन महिन्यांपासून दुखतो आहे. ते असो. तिथे थंडी असेल, अंगावर घालत जा.

लोभ आहेच, तो आता जरा इकडच्या गाडीत बसव.

तुझी,
ताई

*

१३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस डोक्यात भुंगा लागला होता. तिसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये एक मेलेला प्रिंटर उघडला आणि त्यातली छोटी मोटर हातात आली तेव्हा उत्तर सापडलं.

तुला हसू येईल, पण ऐक. मोटरला वीज दिली की ती फिरते, हे सगळ्या जगाला माहीत आहे. तिला वीज न देता आपणच फिरवलं तर ती वीज देते, हे आमच्या धंद्याबाहेर फारसं कोणी लक्षात घेत नाही. नुसत्या बोटांनी फिरवून भागत नाही, वेग कमी पडतो. म्हणून मी एक मोठं लाकडी चाक केलं, त्याला हँडल लावलं, आणि चाकावरून रबरी पट्टा मोटरच्या बारक्या चाकावर घेतला. मोठं एकदा फिरतं तेवढ्यात बारकं बारा वेळा फिरतं. सेकंदाला एक फेरा मारला की चार बारीक एलईडी छान पेटतात. मी बघितलं आहे, आमच्या स्टोअरकीपरनंही बघितलं, आणि त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती तुझीच होती.

आता मेख अशी की बाबांना चेंडू दाबायला सांगितलं तर ते दाबणार नाहीत. ते काम नव्हे, तो व्यायाम. पण आपल्या रस्त्यावर दिवे लावायचे म्हटलं तर हात हलेल. गोल गोल फिरवायचं तेच, फक्त बाईंच्या सांगण्यावरून नाही. तू विचारशील की मग सरळ भिंतीतल्या बटणावर का नाही लावायचे दिवे. तसं केलं तर दिवे लागतील आणि हात मांडीवरच राहील.

येण्याचं म्हणशील तर वर्कशॉप नव्या जागेत हलवायचं चाललं आहे. सगळे सुटे भाग माझ्या ताब्यात, आणि कुठल्या डब्यात काय आहे हे माझ्याशिवाय कोणाला कळत नाही. एप्रिल संपेपर्यंत हलता येणार नाही. खांद्याला शेक दे. खोका वेगळा पाठवला आहे, उलटा करू नकोस.

माझा नमस्कार पोचता कर आणि माझ्यावरचा राग पोस्टात टाकू नकोस.

तुझा,
खटपट्या

*

२२ जानेवारी

चि. खटपट्या यास,
अ. उ. आ. वि. वि.

खोका पोचला. पोस्टमननं हलवून बघितला आणि आत काय खुळखुळतंय म्हणून विचारलं. भावाचं डोकं, असं मी सांगितलं.

काम सुबक केलं आहेस, ते कबूल. चाकाला पॉलिश करायची गरज नव्हती, पण केलंस ते बाबांना दिसलं. मी चार घरांत दिवे बसवले, तारा जोडल्या, तुझ्या चाकाची पेटी त्यांच्यासमोर ठेवली. आणि मग मी पेटीकडे आणि बाबा माझ्याकडे बघत राहिले. हँडल उजव्या बाजूला आहे रे.

तुला काय वाटलं, डावा हात गेला म्हणजे उजवा आहेच की? बाबा डावखुरे आहेत. त्यांची कात्री, त्यांचा कटर, त्यांची पट्टी धरायची पद्धत, सगळं डाव्या हाताचं. त्यांचा कामाचा हातच गेला आहे, म्हणून तर ते भिंतीकडे तोंड करून पडतात. बारा वर्षं तू बाहेर आहेस हे मान्य, पण पोटच्या पोरानं बापाचा हात विसरावा याला काय म्हणायचं?

मग मी पेटी गोल फिरवून हँडल त्यांच्या डाव्या बाजूला आणलं. त्यांचा हात उचलून मुठीवर ठेवला, वरून माझा हात ठेवला आणि दोघांनी मिळून पुढे फिरवलं. एक दिवा लागेल तर शपथ. मोटर नुसती घूं घूं करत राहिली. पाच-सहा फेरे झाल्यावर बाबांनी हात सैल सोडला आणि कूस बदलली. समोरच्या शिंपीणबाई सहज आल्या होत्या, त्यांनीही उगाच बाहेर काही काम आठवल्यासारखं केलं.

तुझी वस्तू आहे, तूच सांग आता काय करायचं. मला घरी गेल्यावर रोज त्या पेटीला वळसा घालून जावं लागतं.

लोभ तूर्त आहे तेवढाच आहे.

ताई

*

२९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वर्कशॉपमध्ये वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं, परत काढून वाचलं. मला खरंच आठवलं नाही. गंमत म्हणजे कात्री धरायला मी त्यांच्याकडूनच शिकलो. समोर बसून त्यांच्या हाताची नक्कल करायचो, आणि समोरच्याचा डावा हात म्हणजे आरशासारखा आपला उजवा. त्यामुळे ते डावखुरे आहेत हे मला लहानपणी कधी जाणवलंच नाही. हे कारण झालं, बचाव नव्हे.

दिवे न लागण्याचं मात्र सोपं आहे. एलईडीला वीज एकाच बाजूनं लागते, उलटी दिली की तो ढिम्म. तू पेटी फिरवलीस, त्यामुळे पुढे फिरवलं की मोटर माझ्या हिशेबानं उलटी फिरते, आणि वीजही उलटी येते. मोटरच्या मागे लाल आणि काळी अशा दोन तारा आहेत. त्यांची अदलाबदल कर, म्हणजे बाबांच्या हातानं पुढे फिरवलं की दिवे लागतील. चष्म्याचा बारका स्क्रू-ड्रायव्हर चालेल. एवढं केलंस की ती पेटी डावखुरी झाली.

त्यांनी एक फेरा मारला तरी मला कळव. एकच.

तुझा,
ओशाळलेला खटपट्या

*

९ फेब्रुवारी

चि. खटपट्या यास,
अ. उ. आ. वि. वि.

तारा बदलल्या. दिवे लागले.

चार दिवसांपूर्वी संध्याकाळी दुकानातून आले, पडदा ओढला आणि पेटी समोर ठेवली. चारही घरं एकदम उजळली. ट्रेसिंग पेपर लावल्यामुळे आतून उजेड पिवळट दिसतो, खरंच घरात कोणीतरी जागं आहे असं वाटतं. शिंपीणबाईंनी आपलं घर ओळखलं आणि त्या कोपऱ्यात उभ्या राहून बघत राहिल्या. बाबांच्या चेहऱ्यावर सहा महिन्यांत पहिल्यांदा काही हललं. तू विचारलंस म्हणून लिहिते, बाबांनी फेरे मारले. दहा मिनिटं. आता रोज पाच वाजता हा कार्यक्रम असतो. चार वाजल्यापासून त्यांचं घड्याळाकडे लक्ष असतं.

एक गोष्ट सांग. दिवे काढून ठेवले की हँडल अलगद फिरतं, आणि दिवे जोडले की लगेच जड लागतं. हाताला स्पष्ट कळतं. बाबांच्या हाताला, म्हणजे. असं का?

दुसरं. हाडांच्या डॉक्टरांनी माझ्या खांद्याचे फोटो काढले. आतला एक पडदा फाटला आहे म्हणे, उचलाउचल करून. शिवल्याशिवाय जुळणार नाही, आणि फार लांबवलं तर शिवायलाही काही उरणार नाही. अठरा मार्चची तारीख दिली आहे. नंतर सहा आठवडे हात गळ्यात. त्या दिवसांत बाबांना उचलणं सोड, मला माझी वेणीसुद्धा घालता येणार नाही. मी मावशीकडे जाऊन राहीन, पण बाबांपाशी तू लागशील. मी तुला आजवर काही मागितलेलं नाही, हे मागते आहे. लवकर कळव, दुकानात सांगायचं आहे.

लोभ वाढावा, आणि त्यानं रजेचा अर्ज लिहावा.

तुझी,
ताई

*

१८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी स्टोअरकीपरला वाचून दाखवलं. सकाळपासून इथे सगळ्यांना चहा पाजला. दहा मिनिटं म्हणजे सहाशे फेरे, ताई. ज्या हातात चेंडू टिकत नव्हता त्या हातानं सहाशे फेरे. बाबा ते बाबाच.

हँडल जड लागतं ते बरोबरच आहे. दिवा लागतो तो कोणाच्या तरी हाताच्या जोरावर. दिवे नसले की मोटरला काही द्यावं लागत नाही, म्हणून ती हलकी फिरते. जितके दिवे जास्त, तितकी ती हाताला अडवते. व्यायामाच्या दृष्टीनं हे फारच छान आहे, जोर हळूहळू वाढवता येतो. म्हणून सोबत आणखी आठ एलईडी पाठवतो आहे. बाराही घरं उजळू दे. आठवड्याला दोन-दोन जोड, एकदम नको.

खांद्याचं वाचून वाईट वाटलं. पण मला असं वाटतं, रागावू नकोस, की ज्या वेगानं बाबा सुधारताहेत त्या वेगानं मे महिन्यापर्यंत ते स्वतः उठून बसतील. तेव्हा मी आलो तर तुझं ऑपरेशनही निवांत होईल आणि माझंही इथलं उरकलेलं असेल. डॉक्टरांना विचारून तारीख पुढे घेता येते का बघ. तोवर शिंपीणबाई थोडा हात देतील. आता बाबांचाही हात आहेच.

आठ दिवे कापसात गुंडाळले आहेत. तुझ्या मायेचं माझं खातं अजून बंद झालं नसावं अशी आशा.

तुझा,
खटपट्या

*

२ मार्च

चि. खटपट्या यास,
आ.

दिवे मिळाले. बाराही जोडले. बाबांना एकदमच बघायचे होते, बोट दाखवून त्यांनी एकेक घर सांगितलं.

डॉक्टर रागावले. तारीख मेमध्ये ढकलली आहे. तेव्हा बघू म्हणाले.

शिंपीणबाईंना गुडघे आहेत, त्या हात देतील म्हणजे काय देतील. पण त्या येतात, बसतात, बोलतात, एवढं पुष्कळ आहे. दुकानात काल माझ्या हातून एक काच निसटली. मालकांनी स्वतः वाकून तुकडे उचलले. मला तेच जास्त लागलं.

दमले आहे रे. जास्त लिहीत नाही. हँडल खूप जड झालं आहे.

ताई

*

६ मार्च

चि. खटपट्या,
आशीर्वाद.

हे पत्र उजव्या हातानं लिहितो आहे. अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे. लागलं तर तुझं भिंग घे. चार दिवस लिहितो आहे, तुझी ताई दुकानात असते तेव्हा. शिंपीणबाई टपालपेटीत टाकतील.

मी हँडल फिरवलेलं नाही. एकदाही नाही.

पहिल्या दिवशी तिनं फिरवून दाखवलं. मला बघून इच्छा होईल असं तिला वाटलं. इच्छा झाली, पण बघण्याची. मी माझा हात मांडीखाली घेतला आणि तिला बोटानं खूण केली, आणखी. ती रोज पाच वाजता येते आणि तोंड धुण्याआधी पेटी ठेवते. तुला काय लिहिते ते मला माहीत नव्हतं. तुझं आठ दिव्यांचं पत्र तिनं उशीपाशी ठेवलं होतं, ते वाचलं तेव्हा कळलं. तुला बरं वाटावं म्हणून लिहिलं असेल. बरं तेवढंच ऐकायची तुझी लहानपणापासूनची खोड तिनंच वाढवली.

ती माझ्यासमोर बसते. माझ्या डाव्या बाजूचं हँडल तिच्या उजव्या हाताला येतं. दुखरा खांदा तोच. तारा माझ्या हाताच्या सोयीनं बदललेल्या आहेत, त्यामुळे तिला हँडल उलटं, स्वतःकडे ओढून फिरवावं लागतं. तारा परत बदलल्या तर तिला सोपं जाईल. ती बदलत नाही. उद्या मी फिरवीन असं तिला रोज वाटतं, म्हणून बदलत नाही.

चार दिवे होते तेव्हा ती दुकानातल्या गमती सांगत फिरवायची. बारा झाल्यापासून बोलत नाही. खांद्यात कळ आली की हात मंदावतो. हात मंदावला की बाराही खिडक्या एकदम मंद होतात. मग ती ओठ दाबते आणि खिडक्या परत उजळतात. हे मी रोज बघतो. मी थांब म्हटलं नाही. बोलता येत नाही ही सबब चालणार नाही. उजवा हात वर करता येत होता.

आयुष्यभर मी चांगली घरं केली. आतल्या माणसाचा विचार करायची सवय लागली नाही, मॉडेलात माणसं नसतात.

तू ये. मोटर पाठवू नकोस.

लोभ करायचा तो तिच्यावर कर.

बाबा

*

२४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू मावशीकडे सुखरूप पोचलीस आणि पोचताच झोपलीस, असा मावशीचा निरोप आला. हॉस्पिटलात तुझ्याशी नीट बोलता आलं नाही, तू गुंगीत होतीस आणि मी रडत होतो. तारखेचं तू दोनदा विचारलंस म्हणून लिहितो. बाबांचं पत्र मिळालं त्या दिवशी मीच हॉस्पिटलात फोन केला. तुझी अठरा मार्चची जुनी तारीख तोवर कोणाला दिली नव्हती. वर्कशॉपचं म्हणशील तर मी डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवून आलो. दोन तास लागले. दोन महिने मी जे काम जगात फक्त मलाच येतं म्हणून सांगत होतो, ते दोन तासांचं होतं.

खरं सांगायचं तर मला बाबांना त्या अवस्थेत बघायचं नव्हतं. दुरून एखादी वस्तू करून पाठवणं मला जमतं. तू लिहिलंस की बाबांनी फेरे मारले, आणि मी लगेच विश्वास ठेवला, कारण तो ठेवला की मला यायला लागत नव्हतं. तुझ्या पत्रात हँडल हाताला जड लागतं असं लिहिलं होतंस, नंतर बाबांचा हात घातलास. ते वाक्य मी आज परत काढून बघितलं. आंधळ्यालाही दिसलं असतं. ताई, मला माफ कर. तू खांदा दुखतो म्हणून लिहीत होतीस आणि मी त्यावर आठ दिवे चढवले.

पहिल्या दिवशी मी तुझ्या जागी बसलो आणि तू फिरवायचीस तसं उलटं फिरवलं. बारा दिवे, दहा मिनिटं. सातव्या मिनिटाला माझा चांगला खांदा भरून आला. बाबा दिव्यांकडे बघत नव्हते, माझ्या खांद्याकडे बघत होते. मग त्यांनी उजवा हात वर केला. मी थांबलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कात्री मागितली. कपाटातली मोठी, त्यांचीच. टेबलाखालच्या तारांकडे बोट करून एकेक कापायला लावली. डाव्या हाताची कात्री माझ्या हातात नीट चालत नव्हती, तारा चावल्यासारख्या तुटत होत्या. शिंपीणबाईंचं घर, कोपऱ्यावरचं घर, डॉक्टरांचं, सगळी. अकरा तारा कापल्या. बारावीला कात्री लावली तेव्हा त्यांनी टेबलावर जोरात हात मारला. ते आपलं घर होतं, आणि आपल्या घरातली तुझी खिडकी.

मग ती पेटी त्यांनी स्वतःच पुढे ओढली. उजव्या हातानं डाव्याचं मनगट धरलं, डावा उचलून मुठीवर ठेवला आणि बोटं एकेक करून मिटवली. त्याला किती वेळ लागला ते लिहीत नाही. पहिल्या दिवशी अर्धा फेरा झाला. शुक्रवारी तीन झाले, पण सावकाश, दिवा काही लागला नाही. मला मध्ये हात घालावासा वाटला, मी हात पाठीमागे धरून उभा राहिलो. काल पाच वाजता सलग चार फेरे झाले आणि शेवटच्याला तुझी खिडकी लागली. लागली आणि गेली. बाबांना घाम आला होता. त्यांनी माझ्याकडे बघून कागदावर लिहायची खूण केली, ते हे लिहितो आहे.

बाकी घर चाललं आहे असं म्हणायला हरकत नाही. साखरेचा डबा म्हणून जो उघडला त्यात बटणं निघाली. बाबांची उशी धुवायला काढली तर खोळीतून दोन्ही रबरी चेंडू पडले. व्यायामवाल्या बाईंनी एक त्यांच्या हातात दिला, तो त्यांनी मला मारला. उजव्या हातानं, पण नेम चांगला होता. त्यांची कूस बदलताना पहिल्यांदा कुठे धरायचं तेवढं मावशीकडून लिहून पाठव. तू हे रोज एकटी करत होतीस.

तुझ्या लोभाला मी पात्र नाही, तरी मागतो, कारण दुसरीकडे मिळणार नाही.

तुझा,
खटपट्या

*

२ एप्रिल

चि. खटपट्या,
अ. उ. आ.

हे डाव्या हातानं लिहिते आहे. बाबांना दाखव, त्यांना हसू येईल. ते उजव्यानं, मी डाव्यानं, आपल्या घरात पत्र लिहायला चांगला हात म्हणून कोणाचा उरला नाही.

पहिल्यांदा काखेत धरायचं, मग कमरेत. खांद्याला धरून ओढू नकोस. त्यांनाही दुखतं, फक्त सांगत नाहीत. साखर बटणांच्या डब्यात आहे, बटणं साखरेच्या. मला घाई असते तेव्हा असं होतं.

मी खोटं लिहिलं त्याबद्दल तू काही बोलला नाहीस. पहिल्या दिवशी मला वाटलं, आज लिहून टाकते, उद्या ते खरं होईल. तुलाही थोडं सुख. मग ते फेडत बसले. माफी मागितलीस ती मी घेतली आहे, आता परत परत लिहू नकोस. मला रागावण्याइतकी ताकद सध्या नाही, ती आल्यावर बघू.

मावशी काही करू देत नाही. मी झोपते. उठते, खाते, परत झोपते. पाच वाजले की हात आपोआप हलायला बघतो, पट्ट्यात असल्यामुळे हलत नाही. मग लक्षात येतं की आता फिरवणारं दुसरं कोणी आहे.

बाबांना एवढं सांग. माझ्या खिडकीतला दिवा लागला नाही तरी त्यांनी जिवाला लावून घेऊ नये. मी घरात नाही, खिडकी अंधारी दिसणारच. त्यांनी फिरवावं ते हातासाठी. लागला तर मात्र तारीख लिहून ठेव, म्हणजे मी आल्यावर मला दाखवता येईल. मी आहे मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. त्याआधी येणार नाही, कोणी बोलावलं तरी.

हात दुखला. थांबते.

ताई